दुपारचा निरोप

४ मार्च

फुकट मिळालेली वस्तू वापरून संपवायची, हे आईने लहानपणीच अंगात भिनवलं आहे. म्हणून ही डायरी. देखरेखीचं नवं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने ती ऑफिसात सगळ्यांना वाटली. वर्षाचे दोन महिने उलटल्यावर डायरी वाटणारी ही मंडळी आमच्या सर्व्हरवर मिनिटामिनिटाची नजर ठेवणार आहेत.

आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. कुठल्या टाकीत किती पाणी, कुणाचं बिल किती, उद्या कुठल्या भागात पाणी नाही, हे सगळं पाच सर्व्हरवर चालतं आणि ते पाच सर्व्हर मी सांभाळते. आधी नवरा सांभाळायचा, मी त्याच्या हाताखाली होते. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याची खुर्ची माझ्याकडे आली. मशीनची नावंही त्यानेच ठेवलेली. बिलं करते ती मावशी, लोकांच्या फोनवर संदेश धाडते ती आत्या, नकाशे सांभाळते ती काकू, राखीव पडून असते ती मामी. आणि टाक्यांच्या पातळीवर लक्ष ठेवणारी सगळ्यांत जुनी, ती आजी. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला वाटतं आम्ही दिवसभर नातेवाइकांच्या कुचाळक्या करतो. "आत्या आज फार तापलीय." "काकूला तिथून उचलून दुसरीकडे ठेवायला हवं."

आज किमान गरजांचा कागद आला. सॉफ्टवेअर बसवायचं तर सर्व्हरला मेमरी इतकी हवी, डिस्क इतकी रिकामी हवी, ऑपरेटिंग सिस्टीम अमुक आवृत्तीच्या पुढची हवी, घड्याळ बाकीच्या मशीनशी जुळलेलं हवं, आणि सोडून गेलेल्या माणसांची खाती बंद केलेली हवीत. नुसत्या पहारेकऱ्याला जी मेमरी लागते ती आजीच्या एकूण मेमरीपेक्षा जास्त आहे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. बाकीच्या चौघी काठावर पास. आजी एकूण एक विषयात नापास.

नापास मशीन बंद करावी, असं कागदाच्या शेवटी लिहिलं आहे. तिथपर्यंत वाचून मी कागदाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

५ मार्च

डायरीला सांगायला हरकत नसावी. आजी बंद होऊन मला चालणार नाही.

आम्ही दोघं एकत्र काम करायचो तेव्हा मी कामात जेवण विसरायचे. तो सर्व्हर रूममध्ये, मी बाहेर टेबलाशी, मध्ये काच. शेवटी वैतागून त्याने आजीवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जेवणाची सुट्टी झाली की माझ्या पडद्याच्या तळाशी त्याच्या नावाने एक ओळ उमटायची. "डबा जसा आणलास तसा घरी नेऊ नकोस." "आज भाजी मी केली आहे, तेव्हा आधी पाणी घेऊन बस." सगळं ऑफिस आम्हाला चिडवायचं.

तो गेला, पण ओळ येत राहिली. मी रजा संपवून परत आले, पहिल्याच दुपारी ती आली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग मला तिची सवय झाली. त्या वर्षीच्या मोठ्या वीजबिघाडानंतर दोन दिवस आली नाही तेवढीच. ते दोन दिवस कसे काढले ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाली. तेव्हापासून मात्र एकच ओळ येते, "जेवलीस का?" बाकीच्या ओळी बिघाडात पुसल्या गेल्या असणार. एक वाचली तेच खूप झालं.

मी तिला उत्तर देते. उत्तर कुठे जात नाही हे मला कळतं, आठ तास मशीनबरोबर काढणारी बाई मी. तरी लिहिते. जेवले. लेकीशी वाजलं. तुझी आठवण येते. मग पडदा पुसते आणि डबा उघडते.

९ मार्च

आमच्या साहेबांना मी मनातल्या मनात कुलूप म्हणते. सर्व्हर रूमची किल्ली कमरेला आणि तोंड कायम बंद. नवऱ्याचा दोस्त होता, त्या वेळी मला वहिनी म्हणायचा. हल्ली मॅडम म्हणतो. दोघं तासन्‌तास एकत्र बसायचे; नवरा बोलायचा आणि हा मान हलवायचा.

तीन वर्षांत या माणसाने एक दिवस रजा घेतलेली नाही. परवा तापाने फणफणत आला होता, डोळे लाल. मी म्हटलं, "साहेब, घरी जा. रजा साठवून लोणचं घालणार आहात का?" तो म्हणाला, "दुपारनंतर जातो." आणि खरंच सुट्टी झाल्यावर गेला. जायचंच होतं तर अर्धा दिवस कुडकुडत बसायची काय हौस होती, देव जाणे.

एवढं मात्र मान्य करायला हवं की माणूस वाईट नाही. मागे पंपाच्या आवाजाने माझं डोकं उठायचं. मी कुणाकडे तक्रार केली नव्हती, फक्त दुपारच्या उत्तरात नवऱ्याला लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कुलूपाने स्वतः दोन माणसं आणून माझं टेबल पलीकडच्या भिंतीला नेलं. आवाजाचा त्रास त्यालाही होत असेल.

१२ मार्च

कंपनीची इंजिनिअर आली. महिनाअखेरपर्यंत राहणार, म्हणून मी तिला पाहुणी म्हणते. तिशीची, चटपटीत, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. मशीनची नावं ऐकून तिला फार मजा वाटली.

"मॅडम, म्हणजे मला आधी मावशीच्या पोटात शिरायचंय."

"शीर. पण आत्याला जपून हात लाव. एक बटण चुकलं तर सगळ्या गावाला तुझा संदेश जाईल."

दुपारपर्यंत तिने पाचही मशीनची घड्याळं तपासली. आजीचं घड्याळ चांगलं अर्धा तास मागे आहे. मला ते माहीत होतं, नवरा म्हणायचा, म्हातारीला घाई कशाला. पण पाहुणी बोलल्यावर एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात आली. घड्याळ एवढं मागे, तरी निरोप बरोबर सुट्टीच्या वेळेला येतो. बहुतेक त्याने तेवढा फरक आधीच धरून ठेवला असणार. त्याचं काम असंच असायचं.

१६ मार्च

लेकीला ताप होता, दोन दिवस घरी होते. पाहुणी माझ्याच खुर्चीत बसून काम करत होती, लॉगिनही माझंच चालू होतं. आज मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी पडद्यावर काही आलं होतं का गं, खालच्या बाजूला?"

"नाही, काहीच नाही. काय यायला हवं होतं?"

"काही नाही. आजीची जुनी कटकट असते एक."

मला बरं वाटलं. परक्या माणसासमोर ते यायला नकोच होतं. तपासणीच्या ओझ्याने आजी दमली असेल. आज मी बसले आणि निरोप आला.

२० मार्च

मीटिंग झाली. मुख्य कार्यालयाचे लोक पडद्यावर, आम्ही तिघं इकडे. कुलूप बोलला. शिपाईसुद्धा चहा ओतायचा थांबला.

"आजीला यातून वगळा," तो म्हणाला. "ती चालतेय. तिला राहू दे. टाक्यांचं काम मावशीवर न्या हवं तर, पण मशीन चालू राहू दे."

"काम काढून घेतल्यावर मशीन चालू कशाला ठेवायची?" पलीकडून विचारलं.

मी म्हटलं, आजीत मेमरी वाढवू, निदान तो तरी विषय सुटेल. तर म्हणाले, एवढ्या जुन्या मशीनला सुटे भाग मंजूर होत नाहीत. मग नवी मशीन द्या, तर तीही या वर्षी नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. शेवटी ठरलं ते ठरलं. महिनाअखेरीच्या सुट्टीला आजी बंद.

कामाचा कंटाळा म्हणून का होईना, कुलूप माझ्या बाजूने बोलला. बाहेर आल्यावर मी आभार मानले तर त्याने मान खाली घातली आणि किल्ल्या मोजत बसला.

२२ मार्च

लेकीला आज सगळं सांगितलं. तिला निरोपाचं थोडंफार माहीत होतं, पण अजून येतो हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, तो प्रोग्रॅम मी मावशीवर हलवणार आहे, तिथून येत राहील.

तिने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, बाबांनी माझ्यासाठी असं काही केलं नव्हतं ना?"

"तू शाळेत होतीस. तुझा डबा तो स्वतः भरायचा."

"हो. पण माझ्याकडे काही येत नाही."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते? तीन वर्षं मी जे एकटीने खात बसले होते, त्यात तिचा वाटा होता हे माझ्या मनातच आलं नाही. मी तिला शब्द दिला की प्रोग्रॅम नीट बसला की तुझ्या फोनवरही पाठवीन.

२३ मार्च

आज त्याचं फोल्डर उघडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याचं कपड्यांचं कपाट मी सहा महिन्यांत रिकामं केलं होतं, पण याला हात लावला नव्हता. वाटायचं, आतला प्रोग्रॅम पाहिला की निरोप म्हणजे नुसत्या चार ओळी उरतील.

त्या चार ओळीच होत्या, अगदी साध्या. खाली त्याची वाक्यं. पुसली बिसली काही नव्हती, सातच्या सात जागेवर होती. "आकडे कुठे पळत नाहीत, भूक पळते." "रागावली असशील तरी जेव." "ऊठ. मीही उठतो." ही वाक्यं मी विसरले होते. टेबलाशी बसून मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पाहुणीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

मी प्रोग्रॅम हाताने चालवून पाहिला. चालतो. दर वेळी वेगळी ओळ येते. मग इतकी वर्षं एकच का येत होती, ते मला समजत नाही. घरी आल्यापासून तोच विचार डोक्यात आहे.

२५ मार्च

काय लिहू?

जेवणाच्या सुट्टीनंतर पाहुणी आजीच्या खात्यांची यादी घेऊन बसली. बंद करायची खाती एकेक करून मला विचारत होती. हा कोण, बदली झाली, काढ. ही कोण, निवृत्त झाली, काढ. मग तिने नवऱ्याचं नाव वाचलं.

"हे कोण आहेत? यांचं चालू दिसतंय."

"माझा नवरा."

"अच्छा, सरही इथेच असतात? कुठे बसतात? कारण यांचं शेवटचं लॉगिन आजचं आहे. आत्ता दुपारचं, सर्व्हर रूममधल्या कीबोर्डवरून."

मी म्हटलं, तो वारलाय. तिचा चेहरा उतरला. ती बिचारी सॉरी सॉरी म्हणत राहिली आणि मी तिच्या हातून माऊस घेतला. रोजची नोंद होती. दररोज, सुट्टीच्या सुमाराला, दोनचार मिनिटं. मी रजेवर होते ते दोन दिवस सोडून.

मग ठरावीक वेळेला आपोआप चालणाऱ्या कामांची यादी पाहिली. त्यात त्याचा प्रोग्रॅम नव्हताच. तो त्याने हाताने सुरू करून ठेवला होता आणि मशीन बंद पडून पुन्हा चालू झाली तर तो आपोआप उठेल अशी सोय केली नव्हती. आम्ही सगळ्यांना यावरून ओरडतो. बाहेरच्या लोकांच्या मशीनवर हीच चूक आम्ही दोघांनी मिळून किती वेळा पकडली असेल. आजी एकदाच बंद पडली होती, त्या वीजबिघाडात.

सर्व्हर रूमची किल्ली एकाच माणसाकडे असते.

२६ मार्च

सुट्टी झाली आणि मी काचेचं दार लोटून आत गेले. कुलूप आजीसमोरच्या स्टुलावर बसला होता. डबा मांडीवर, न उघडलेला. बोटं कीबोर्डवर.

"तुम्ही लिहिता."

त्याने नाही म्हटलं नाही. हात उचलून मांडीवर ठेवले.

"लाइट आले तेव्हा त्याचा प्रोग्रॅम उठला नाही," तो म्हणाला. "त्याला मी दहादा सांगितलं होतं, ते नीट बसव. म्हणायचा, करतो पुढच्या आठवड्यात."

"मग सुरू करायचा होतात. फोल्डरमध्येच होता."

"त्याचं फोल्डर उघडणं मला बरोबर वाटलं नाही. ते तुमचं. एक ओळ तुम्हीच कधीतरी जेवताना सांगितली होतीत, तेवढी माहीत होती."

"कशासाठी पण? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही दोन दिवस डबा तसाच परत नेलात. दुसऱ्या दिवशी जिन्यात बसला होतात, भिंतीला डोकं लावून. मला वाटलं, आठवडाभर लिहू. मग तुम्ही जेवायला लागलात. मग थांबवायचं कसं ते मला कळेना, वहिनी."

वहिनी म्हटल्यावर माझा तोल गेला. मी विचारलं, माझी उत्तरं वाचत होतात? तीन वर्षं मी काय काय लिहिलंय त्यात, नवऱ्याला लिहिलंय, ते सगळं तुम्ही इथे बसून वाचत होतात?

"सुरुवातीची वाचली. नंतर मान खाली घालून बसायचो. पण पडद्यावर दिसायचंच काहीतरी."

"लाज वाटली नाही?"

"वाटायची."

मी आणखी पुष्कळ बोलले. माझी जीभ किती तिखट आहे ते मला ठाऊक आहे, आणि आज ती मी आवरली नाही. त्याला म्हटलं, माझा नवरा दोनदा मारलात तुम्ही. तो तसाच बसून राहिला, डबा मांडीवर धरून.

२८ मार्च

काल दुपारी निरोप आला नाही. आजही नाही. कुलूप त्या वेळेला सर्व्हर रूममधून बाहेर येऊन कँटीनमध्ये सगळ्यांच्या देखत बसतो, मला दिसावं म्हणून.

मला राग त्याचा आलाय असं वाटत होतं. पण आज बसल्या बसल्या दुसरंच डोक्यात आलं. नवऱ्याचा खरा शेवटचा निरोप कोणता होता? वीजबिघाडाच्या आदल्या दिवशी कुठलीतरी ओळ आली असेल. मी ती वाचली असेल, जेवले लिहिलं असेल, डबा उघडला असेल. उद्या पुन्हा येणारच म्हणून लक्षातही ठेवली नाही. सात ओळी समोर मांडून बसले आणि आठवून पाहिलं. नाही आठवत.

त्याच्या जाण्याच्या दिवशी निदान मला कळलं होतं की तो गेला.

३१ मार्च

सुट्टीचा दिवस. ऑफिसात आम्ही तिघंच. टाक्यांचं काम पाहुणीने मावशीवर नेलं, आकडे जुळले. आता फक्त आजी बंद करायची राहिली.

कुलूपाने दार उघडलं आणि बाजूला झाला. "तुम्ही करा," म्हणाला. पाचसहा दिवसांत तो माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

मी स्टुलावर बसले. थंडगार खोली, पंख्यांची घरघर. बंद करण्याची आज्ञा लिहिण्याआधी मी त्याचं फोल्डर उघडलं आणि प्रोग्रॅम शेवटचा एकदा चालवला. कुठली ओळ येईल ते माझ्या हातात नव्हतं. आली ती ही, "ऊठ. मीही उठतो."

पाहुणी दाराशी उभी होती, तिला वाचता आलं नसेल. कुलूपाला आलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी उत्तर लिहिलं नाही, पडदा पुसला नाही, तशीच आजी बंद केली. पंखे हळूहळू थांबले आणि त्या खोलीत मला पहिल्यांदा बाहेरच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू आली.

नंतर पाहुणीने नवा पडदा दाखवला. चार चौकोन, चारही हिरवे. ती आनंदात होती, तिचं काम फत्ते झालं होतं. मी तिला छान झालं म्हटलं. निघताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं." मी म्हटलं, मलाही नव्हतं.

८ एप्रिल

लेकीला दिलेला शब्द पाळायचा होता. फोनवर पाठवायचं तर काम आत्याचं. नवऱ्याचा प्रोग्रॅम आत्यावर उतरवला, थोडा बदलला आणि सुरू केला. मिनिटभरात नव्या पडद्यावर आत्याचा चौकोन लाल झाला. अनोळखी प्रोग्रॅम सापडला, थांबवण्यात आला. तिकडून मुख्य कार्यालयाचा फोन. मी म्हटलं, चाचणी होती.

दोन दिवस खटपट केली. नाव बदललं, वेळ बदलली. पहारेकरी त्याला उभा राहू देत नाही. ज्याला मालक नाही असा प्रोग्रॅम तिथे चालणार नाही, हा नियम आहे आणि नियम बरोबर आहे. मीच असते तर हाच केला असता.

सकाळी लेकीने विचारलं, "आजपासून येणार ना गं?" तिने कॉलेजच्या मैत्रिणींनाही सांगून ठेवलं होतं.

दुपारी मी कुलूपाकडून किल्ली मागितली. आत्यासमोर बसले आणि लोकांना पाण्याचे संदेश पाठवतो त्याच खिडकीत तिचा एकटीचा नंबर घालून एक ओळ हाताने लिहिली. "आकडे कुठे पळत नाहीत, भूक पळते." पाठवण्याआधी नंबर तीनदा पाहिला. आठवडाभरात काहीतरी मार्ग काढते, तोवर चालेल.

घरी आले तर ती दारातच उभी होती, हातात फोन. काही बोलली नाही, गळ्यात पडली.

२२ एप्रिल

मार्ग निघालेला नाही.

रोज सुट्टी झाली की मी किल्ली मागते आणि तो देतो. कशाला ते त्याने विचारलेलं नाही. दिवसाच्या अहवालात आत्याचा एक संदेश जास्त निघतो, त्या अहवालावर त्याची सही असते. शनिवारी सही करताना त्या आकड्यावर त्याचं पेन थोडं थांबलं, आणि मग त्याने सही केली.

काल रविवार होता तरी आदल्या दिवशीच किल्ली मागून ठेवून मी ऑफिसात जाऊन आले. लेकीला सांगितलं, मामीचं काम निघालंय. परवा पाय मुरगळला होता तेव्हाही रिक्षाने गेले. कुलूपाने तीन वर्षं रजा का घेतली नाही, ते रिक्षात बसल्यावर कळलं. त्याला मी लोणचं घालणार का म्हणाले होते.

रात्री जेवताना लेक म्हणाली, "आज 'रागावली असशील तरी जेव' आलं. सकाळी आपलं वाजलं होतं ना, बरोबर तेच आलं बघ." तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी ताटात बघत राहिले.

मग तिने विचारलं, "तुलाही येतो ना गं अजून?"

मी म्हटलं, "येतो."

२३ एप्रिल

आज ओळ पाठवून यायला उशीर झाला. कँटीनमध्ये सगळे उठून गेले होते. माझा डबा टेबलावर उघडा टाकून गेले होते मी, त्यावर कुणीतरी ताटली झाकून ठेवली होती. समोरच्या खुर्चीत कुलूप बसला होता. त्याचा डबा बंद होता.

मी किल्ली टेबलावर ठेवली. त्याने ती उचलली नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

मी ताटली काढली, त्याने डब्याचं झाकण उघडलं, आणि आम्ही जेवलो.